पाळीच्या फाइलीत अडकलेली साखर

मानेवरचा काळेपणा घासून जात नाही, हे कितीतरी आयांना वर्षभर घासल्यावर कळतं. आधी बेसन आणि दही, मग लिंबू, मग बटाट्याची फोड, शेवटी अंग घासायचा दगड. मुलगी नुकती कॉलेजला जायला लागलेली असते. केस वर बांधले की मानेच्या घडीतला तो जाडसर, मखमली पट्टा मागून दिसतो आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं, "नीट अंघोळ करत जा गं." तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त फिरत असलं की घडीच्या जागची त्वचा अशी जाड आणि काळी पडते. मानेवर, काखेत, जांघेत. आत काय चाललंय याची पाटी शरीराने दारावरच लावलेली असते आणि आपण ती पुसायला बसतो.

मग कधीतरी पाळी तीन महिने येत नाही, तेव्हा दवाखाना आठवतो. सोनोग्राफी होते. रिपोर्टात 'दोन्ही अंडाशयांत पीसीओ पॅटर्न' असं लिहून येतं आणि बाहेरच्या बाकावरून आई फोनवर घरी कळवते, "अहो, गाठी निघाल्यात." गोळ्या सुरू होतात, पाळी येते, फाइल कपाटात जाते. लग्न ठरलं की ती पुन्हा बाहेर निघते, मूल झालं की कायमची बंद होते. एवढ्या वर्षांत त्या मुलीच्या कमरेला एकदाही टेप लागलेली नसते, तिच्या बापाला साखर आहे का हे कोणी विचारलेलं नसतं. राज्यभरच्या वैद्यकीय परीक्षा ज्या शहरातून चालतात (म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच आहे) त्या नाशिकमध्येही घरोघरची समजूत हीच, की पीसीओडी (डॉक्टरांच्या भाषेत पीसीओएस, नावाप्रमाणे 'अनेक गाठींच्या अंडाशया'चा आजार) म्हणजे पाळीची भानगड आणि मुलाची अडचण. या आजाराचं दुसरं खातं साखरेचं, चरबीचं, यकृताचं आणि रक्तदाबाचं असतं. माझ्या मते मोठं खातं तेच, आणि ते उघडलंच जात नाही.

याचं थोडं खापर नावावर फोडायला हरकत नाही. १९३५ साली शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन छापलं. पाळी नाही, मूल नाही, अंगावर लव आणि मोठी झालेली अंडाशयं. डोळ्यांना जे दिसलं त्यावरून बारसं झालं. पण त्याच्या चौदा वर्षं आधी, १९२१ मध्ये, आशार आणि तिएर या दोन फ्रेंच डॉक्टरांनी 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह' म्हणून एक टिपण लिहिलं होतं. म्हणजे पुरुषी केस आणि साखर यांचं नातं कोणाच्या तरी नजरेत आधीच आलं होतं. ते बाजूला पडलं आणि अंडाशय पुढे आलं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या अँड्रिया ड्युनाइफ यांनी दाखवून दिलं, की या बायकांमध्ये इन्सुलिनचा असर कमी पडतो आणि तो केवळ वजनामुळे नाही. सडपातळ बायकांतही पडतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बसवलेल्या तज्ज्ञांनी तर सरळ म्हटलं, की हे नावच दिशाभूल करतं, बदला.

त्या 'गाठी' मुळात गाठी नसतातच. दर महिन्याला अंडाशयात काही बीजकोश वाढू लागतात, त्यांतला एक पुढे जाऊन फुटतो, बाकीचे जिरतात. इथे ते सगळे काही मिलिमीटरवर अडून बसतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर माळेसारखे दिसतात. काढून टाकण्यासारखं त्यात काही नाही. २००३ च्या रॉटरडॅम बैठकीत ठरलं, की तीनपैकी दोन गोष्टी असल्या की पीसीओएस म्हणायचं: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांची लक्षणं किंवा रक्तातलं वाढलेलं प्रमाण, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. तेव्हा एका अंडाशयात बारा बीजकोश पुरे होते. यंत्रं सुधारली, बारीकसारीकही दिसायला लागलं, तेव्हा ही मर्यादा वीसवर न्यावी लागली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आणखी एक गोष्ट बजावतात: किशोरवयीन मुलींच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नका, कारण त्या वयात निरोगी अंडाशयही तसंच दिसतं. दहावीतल्या मुलीच्या हातात 'पीसीओ पॅटर्न'चा कागद देणाऱ्यांनी हे वाक्य टेबलाच्या काचेखाली ठेवावं. तिच्या बाबतीत पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांची लक्षणं दोन्ही हवीत. एकच असेल तर 'धोका आहे, लक्ष ठेवू' एवढंच म्हणायचं.

आत नेमकं काय बिघडतं? इन्सुलिन हा निरोप्या आहे. साखर आत घ्या, एवढा निरोप तो पेशींना देतो. या बायकांच्या स्नायूंना कमी ऐकू येतं. मग स्वादुपिंड आवाज चढवतं, जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर बराच काळ आटोक्यात राहते. अंडाशयाचे कान मात्र शाबूत असतात. त्याला तो चढलेला आवाज पूर्ण ऐकू येतो आणि ते पुरुषी संप्रेरकं जास्त बनवू लागतं. यकृतावरही परिणाम होतो: टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी तयार करतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. हनुवटीवरचे केस, पुरळ, चुकलेली पाळी यांचा उगम इथे आहे. ज्यांचं इन्सुलिन जास्त, त्यांच्या बाबतीत दोन्ही खाती अशी एकाच शाईने लिहिलेली असतात. स्वादुपिंडाचा घसा बसला की मधुमेह.

आपल्याकडचे आकडे आता बऱ्यापैकी हाती आहेत. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष छापले: रॉटरडॅमच्या निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, जास्त कडक निकषाने १०.७ टक्के. मोजपट्टी बदलली की आकडा अर्ध्यावर येतो, हे ध्यानात ठेवून पुढचे आकडे वाचावेत. २०२४ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशपातळीवरचा अभ्यास आला. १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रिया. रॉटरडॅमने १९.६ टक्के, १९९० च्या जुन्या अमेरिकी निकषाने ७.२ टक्के. खरं बघायचं ते पुढे आहे. पीसीओएस असलेल्यांपैकी ४३.२ टक्के लठ्ठ, ३२.९ टक्क्यांच्या यकृतात चरबी, २४.९ टक्क्यांना चयापचय-संलक्षण (मेटाबॉलिक सिंड्रोम), ९.२ टक्क्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ३.३ टक्क्यांना मधुमेह आणि ८.३ टक्क्यांना रक्तदाब. या चाळिशीच्या आतल्या बायका आहेत.

त्याच अभ्यासात रक्तातल्या चरबीत बिघाड असलेल्यांचं प्रमाण ९१.९ टक्के आहे आणि हा आकडा बातम्यांत फार मिरवला. तो एकटा वाचू नये. परिषदेच्याच २०२३ च्या मधुमेह पाहणीत देशातल्या सरसकट प्रौढांमध्ये हे प्रमाण ८१.२ टक्के निघालं होतं. चांगलं कोलेस्टेरॉल कमी असणं हा आपल्याकडे घराघरातला प्रकार आहे. म्हणजे पीसीओएस हा निरोगी पाटीवर पडलेला डाग नाही. आधीच ओल धरलेल्या भिंतीवर तो येतो.

ही ओल कुठली, याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयात शोधलं गेलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. जन्मतः वजन कमी, अंगावर स्नायू कमी, पण त्वचेखाली चरबी मात्र टिकून: बारीक दिसणारं जाड बाळ. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आपला आणि लंडनचे मित्र जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आडनावांच्या पहिल्या अक्षरावरून हा 'वाय-वाय' विरोधाभास म्हणून प्रसिद्ध झाला. पीसीओएसच्या बारीक मुलीला "तू तर काडी आहेस, तुला कसली साखर" असं जे सांगितलं जातं, त्याला हा एक फोटो पुरेसं उत्तर आहे. आपल्यासाठी वजनाची मर्यादा म्हणूनच खाली आहे: बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत.

तपासण्यांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण चूक नेमकी तिथे होते. 'शुगर चेक केली' म्हणजे बहुतेक वेळा उपाशीपोटीची केलेली असते. पीसीओएसमध्ये ती बरेचदा नॉर्मलच येते, कारण रात्रभराच्या उपासानंतर आरडाओरडा करून का होईना, स्वादुपिंड वेळ मारून नेतं. त्याची खरी परीक्षा साखर अंगावर आल्यावर. म्हणून २०२३ च्या सूचना सांगतात, की निदान झालं की ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला द्या, दोन तासांनी पुन्हा रक्त घ्या, आणि धोका पाहून दर एक ते तीन वर्षांनी हे परत करा. दोन तासांचा आकडा १४० च्या आत हवा. १४० ते १९९ म्हणजे उंबरठा, २०० आणि पुढे म्हणजे मधुमेह. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची उपाशीपोटीची साखर ९१ होती आणि घरात पेढे वाटण्याइतका आनंद. दोन तासांनंतरची १६२ निघाली. ते पाणी फार गोड असतं, उन्हाळ्यात मळमळतं, दोन तास लॅबच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काढावे लागतात, मधे चालायचं नाही, खायचं नाही. म्हणून लोक टाळतात, आणि लॅबवालेही "एचबीए-वन-सी करून टाका, सोपं पडेल" म्हणतात.

एचबीए-वन-सी सोपी खरी, पण हिमोग्लोबिनवर बेतलेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. लोहाच्या कमतरतेत ही तपासणी खोटी चढते. गंमत अशी, की ग्लुकोजचं तेच पाणी आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना तोंडपाठ आहे. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघायची, हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पाणी तेच, ग्रॅम तेवढेच. बाई पोटुशी नसली तर तिला ते मिळत नाही, एवढाच फरक. ग्लुकोजच्या तपासणीच्या जोडीला चरबीची तपासणी एकदा आणि रक्तदाब दरवर्षी. झोपेत घोरणं आणि दिवसा डोळे मिटणं असेल तर झोपेतल्या श्वासाची चौकशी. आणि मन. उदासी आणि चिंता या बायकांत जास्त आढळतात, तेव्हा विचारायला हवं. हनुवटीवर थ्रेडिंग करून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला कोणी विचारत नाही, ती स्वतः सांगत नाही.

हृदयविकाराबद्दल नीट बोललं पाहिजे. पीसीओएस हा हृदयविकाराच्या धोक्याचा घटक धरावा, असं सूचना म्हणतात. त्याच दमात हेही सांगतात, की पाळी चालू असलेल्या वयात प्रत्यक्ष झटक्याची शक्यता कमीच असते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही असाच: शक्यता इतरांपेक्षा काही पट, पण मुळात विरळ. पाळी तीन महिन्यांच्या वर लांबू द्यायची नाही, लांबली तर गोळी देऊन आणायची, त्यामागचं कारण हे. अस्तर नुसतं वाढत राहिलं आणि पडलंच नाही, तर पेशी वाट सोडतात.

उपचारांत पहिला तंटा घरातच होतो. पाळी नियमित करायला आणि लव-पुरळ कमी करायला पहिली गोळी म्हणजे एकत्रित गर्भनिरोधक गोळी. बिनलग्नाच्या मुलीच्या हातात ते पाकीट बघून आईचा चेहरा उतरतो. "डॉक्टर, लग्न व्हायचंय हो तिचं." या गोळीने पुढे मूल होत नाही, ही समजूत खोटी आहे. इस्ट्रोजेन कमीत कमी असावं, एवढाच संकेत. अमुक महागडा ब्रँड बरा, असं दाखवणारा पुरावा नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एनही ३० मायक्रोग्रॅमचीच आहे. हे मेडिकलवाल्यांना आवडणार नाही. पण गोळी द्यायच्या आधी रक्तदाब बघणं, डोळ्यांपुढे झगमग येऊन उठणारी अर्धशिशी आहे का आणि घरात कोणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती का हे विचारणं, एवढं व्हायलाच हवं. आणि ही गोळी साखरेचं खातं मिटवत नाही.

त्या खात्यासाठी मेटफॉर्मिन. जुनी, स्वस्त, आणि बदनाम. माझ्या भाचीने तिची स्ट्रिप चष्म्याच्या डबीत ठेवली होती, कारण सासूबाईंची साखरेची गोळी तीच आणि "सुनेला आताच शुगर" ही बातमी गल्लीत जायला संध्याकाळ पुरते. ५०० मिलिग्रॅमपासून जेवणाबरोबर सुरू करायची, एक-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवायची. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा दिली की पोट बिघडतं आणि मुलगी गोळी सोडते. वर्षानुवर्षं घेणाऱ्या, त्यातही शाकाहारी बाईचं बी-१२ तपासत राहायला हवं. मधुमेह टाळण्यात मेटफॉर्मिनचा हात किती? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात साखर उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांत आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी, दोन्ही मिळून २८.२ टक्क्यांनी. ते पीसीओएसचे रुग्ण नव्हते, तरी चालणं आणि गोळी यांची बरोबरी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इनोसिटॉलच्या पुड्या सध्या जोरात खपतात. अपाय फारसा नाही, फायद्याचा पुरावा तोकडा. पैसे असतील आणि मन मानत असेल तर घ्याव्यात.

आहाराबद्दल सूचना एका वाक्यात आटपतात: अमुक एक आहार दुसऱ्याहून सरस असं सिद्ध झालेलं नाही. हे वाक्य डाएटच्या धंद्याला परवडणारं नाही. मला त्यात सुटका वाटते. नाशिकच्या ताटात वाईट काय आहे? मिसळीतली मटकी चांगलीच, तिच्यामागून येणारे चार पाव आणि जिलबी मोजावी. पेठ-सुरगाण्याकडची नागलीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं कोणत्याही पाकिटातल्या पिठाला हार जाणार नाही, फक्त नागली म्हणजे औषध समजून चार भाकऱ्या खाऊ नयेत. उपासाचं मात्र बघायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगर आणि तिच्यासोबत शेंगदाण्याची घट्ट आमटी, ही जोडी आजीला कळली होती. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. वजन उतरलं नाही तरी त्याचा फायदा होतो, हे २०२३ च्या सूचनांनी मुद्दाम लिहिलंय. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे जाणाऱ्या बायका हे ऐकून निदान काट्याला शिव्या देणं थांबवतील. जिला पहाटे डबे करून सातपूरच्या पहिल्या शिफ्टला पोचायचंय, तिच्यासाठी ट्रॅक कुठला? जिना, घरातली भिंत आणि पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या, यावर भागवावं लागतं.

आणि वजन उतरवणारी इंजेक्शनं. टिर्झेपटाइड २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. वजन उतरतं, साखर उतरते, यात वाद नाही. पण घेत असताना गर्भ राहू द्यायचा नाही, सेमाग्लुटाइड तर मूल हवं त्याच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं. वजन उतरलं की चुकलेली पाळी आणि बीज दोन्ही परत येतात, आणि 'मला राहतच नाही' म्हणणारी बाई गाफील सापडते. बंद केलं की वजन परत चढतं. स्नायूही जातात, जे आपल्याकडे आधीच थोडके.

मूल हवं असेल तेव्हाची वाट बरीच रुळलेली आहे, त्यात फार शिरत नाही. पहिलं औषध लेट्रोझोल. २०१४ च्या अमेरिकी चाचणीत ७५० स्त्रियांमध्ये लेट्रोझोलने २७.५ टक्क्यांना मूल झालं, जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्क्यांना. भारतात मात्र २०११ पासून वंध्यत्वासाठी त्यावर बंदी होती, ती २०१७ मध्ये उठली. खरी फसगत बाळंतपणानंतर आहे. पीसीओएसच्या बाईला गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जास्त गाठतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा बघायची असते. त्या आठवड्यात घरात बारसं, डिंकाचे लाडू आणि बाळाची लस असते. आईची तपासणी राहून जाते.

पुढे सरकारी जाळं आहे, पण त्याची भोकं मोठी. असंसर्गजन्य आजारांची घरोघरची तपासणी तिशीपासून सुरू होते. निफाड किंवा दिंडोरीच्या वस्तीवर आशाताई येतात, त्यांच्याकडे फॉर्म असतो. टेपने कंबर मोजायची: ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, नव्वदच्या पुढे दोन. आई-वडिलांना साखर आहे का, रक्तदाब आहे का, व्यायाम किती. विचारायला हवं ते बहुतेक सगळं त्या कागदावर आहे. बायकांसाठी वेगळे प्रश्नही आहेत: स्तनात गाठ लागते का, दोन पाळ्यांच्या मधे अंगावरून जातं का, पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं का. दारात उभी असलेली एकविसाची मुलगी आईची कंबर मोजून होईपर्यंत थांबते, मग टेप गुंडाळली जाते. तिचं वय त्या फॉर्मात बसत नाही, आणि पाळी वेळेवर येते का, हा प्रश्न त्यात नाही.